चारशेसात नंबरची वाघीण

केशवापूर, हुबळी
१७ जानेवारी १९८५

चि. प्रभंजन,

आशीर्वाद आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की मी रागावलेय. थोडी आहेच. दर संक्रांतीला तुझ्या चार ओळी येतात, त्यातल्या दोन इंग्लंडातल्या थंडीबद्दल असतात. असो. या वेळी माझं तुझ्याकडे काम आहे.

मागच्या खोलीतली रेल्वे अजून आहे. हुबळी ते लोंढा, तीन भिंतींना लागून, तू सोडून गेलास तशीच. अमरगोळला अप्पांनी बाजाराच्या नवीन शेडी केल्या, धारवाडचा सिग्नल हलवला, एवढाच फरक. दर शनिवारी दुपारी कमरीपेठेहून गोविंदमामा येतात. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी येताना गार्डाची शिट्टी खिशात असते. मग दोघं मालगाड्या चालवतात. नुसत्या गोल फिरवत नाहीत हे तुला माहीतच आहे. अमरगोळचा कापूस कुठे जाणार, अळणावरचं लाकूड कुठल्या वाघिणीत भरणार, रिकाम्या वाघिणी कुणी कुठून परत आणायच्या, याची यादी अप्पा शनिवारी सकाळी करायचे. प्रत्येक वाघिणीचं कार्ड पत्र्याच्या डब्यात. बासष्ट वाघिणी, बासष्ट कार्डं. लहानपणी वाघीण म्हणजे खरी वाघीण समजून तू त्या डब्यापाशी जायला घाबरायचास.

आता अप्पांकडून यादी होत नाही. हात जरा आखडलाय. यादी नाही म्हणजे गाड्या गोल गोल फिरणार, आणि तसल्या गाड्या अप्पा बघतसुद्धा नाहीत, तोंड फिरवतात. मी गणिताची मास्तरीण, म्हटलं मीच करीन यादी. पण बासष्ट वाघिणी आणि अकरा सायडिंग मनात धरणं मला झेपत नाही. तीन शनिवार केली, तिन्ही वेळा लोंढ्याला गाडी तुंबली.

पाच वर्षं आपल्याकडे दर महिन्याला एक इंग्रजी रेल्वेचं मासिक येतं. पाठवणाऱ्याचं नाव नसतं. अप्पा विचारत नाहीत, मीही सांगत नाही, पण पत्त्यातला ‘केशवापूर’चा ‘के’ तू पहिलीत असताना मीच तुझ्याकडून गिरवून घेतलाय. त्या मासिकात जाहिराती आहेत. घरच्या छोट्या काँप्युटरवर चालणारे प्रोग्रॅम, ते आपोआप अशी यादी काढून देतात म्हणे. कुठला निवडायचा ते मला कळत नाही. तुझा धंदाच तो. त्या दिवशीचं मी काही काढत नाही, तूही काढू नकोस. फक्त कुठला चांगला ते सांग.

आई

केशवापूर
११ मार्च १९८५

चि. प्रभंजन,

देसायांचा वादिराज तिकडून सुट्टीवर आला, पंधरा दिवसांपूर्वी खोकं देऊन गेला. मी कुठला ते विचारलं होतं, तू अख्खा काँप्युटरच पाठवलास. पाटीएवढा आहे, बटणं रबराची. अंबूने आणि जावयांनी दिवाळीला दिलेल्या टीव्हीला जोडला. टेपरेकॉर्डरमधून प्रोग्रॅम आत जाताना जो आवाज निघतो तो ऐकून शेजारच्या सीताबाई काय झालं म्हणून बघायला आल्या.

आता खरं लिहिते, कारण यंत्र घेऊन खोटं लिहायची लाज वाटते. हात आखडलेला नाही. चौदा नोव्हेंबरला अप्पांना वाऱ्याचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. चार-पाच शब्द तेवढे राहिलेत. ‘हं’ म्हणतात, ‘नको’ म्हणतात, मला ‘अगं’ म्हणतात. झटक्यानंतर पहिला शब्द ‘नको’ होता, आणि तो तुला तार करायला निघालेल्या अंबूला होता. म्हणून कळवलं नाही. मी ऐकायला नको होतं. पण चौतीस वर्षं ऐकायची सवय, ती एका दिवसात कशी जाणार?

थकलेय रे मी. उठवणं, बसवणं, भरवणं, त्यातून नळाला पाणी एक दिवसाआड. डॉक्टर म्हणाले, औषधाने जेवढं व्हायचं तेवढं झालं, आता यांना स्वतःहून उठावंसं वाटलं पाहिजे. उठावंसं वाटायला त्या माणसाकडे रेल्वेशिवाय काय आहे? नोकरीत यार्ड मास्तर, घरी यार्ड मास्तर. म्हणून ही यादी. तुला वाटलं असेल म्हातारपणी आईला काय हे खूळ.

पहिला प्रोग्रॅम लावला. तो सोडत काढतो. कुठलीही वाघीण उचलतो आणि कुठेही पाठवतो. कापसाची गाडी लाकडाच्या सायडिंगला, एकच वाघीण तीनदा धारवाडला. अप्पांनी कागद एकदा बघितला आणि डोळे मिटले. दुसरा म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्याला पाच माणसं लागतात आणि घड्याळ सहापट जोरात पळवावं लागतं. आमच्याकडे दोन माणसं, त्यात गोविंदमामांना मोतीबिंदू. शिवाय त्यातला माल बदलता येत नाही. शनिवारी धारवाडला मासळीच्या सात वाघिणी आल्या. गोविंदमामा म्हणाले, ‘वैनी, तुमच्या सोवळ्याच्या घरात मासे आणलेत की हो या काँप्युटरनं.’ मी हसले. अप्पा नाही हसले. अर्ध्यातून ‘नको’ म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले, ते रविवारी संध्याकाळपर्यंत. जेवलेसुद्धा नाहीत.

दोन्ही कामाचे नाहीत. तिसरा कुठला असेल तर सांग. नसेल तर तसंही सांग, म्हणजे मी वाट बघणार नाही.

आई

केशवापूर
१५ एप्रिल १९८५

चि. प्रभंजन,

तुझी कॅसेट पोचली. तूच लिहिलास म्हणे, आमच्यासाठी. आठवडाभर रात्रपाळीनंतर बसून. इथे काय झालं तेवढंच सांगते.

पत्र्याचा डबा पुढ्यात घेऊन बासष्टच्या बासष्ट वाघिणी आत घातल्या. दोन दिवस लागले. मध्येच करंट गेला आणि चाळीस वाघिणी विसरला मेला, पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून कानाला खडा, दर दहा वाघिणींनंतर कॅसेटवर उतरवून ठेवते. तुझा प्रोग्रॅम प्रत्येकीला विचारतो, भरलेली, रिकामी की सिक? एकसष्ट जणींची उत्तरं सोपी होती. चारशेसातला मी ‘सिक’ घातलं. ती यार्डातल्या सिक लाइनवर उभी आहे हे तुला सांगायला नको. रेल्वेत मोडक्या वाघिणीला सिक म्हणतात हे या घरात दूधपित्या पोरालाही माहीत होतं. तुला ताप आला तेव्हा अप्पांनी शाळेला चिठ्ठी लिहिली होती, ‘मुलगा सिक, दुरुस्तीस दोन दिवस.’ हेडमास्तरांनी ती मला शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवली होती.

सहा तारखेला पहिली यादी काढली. टीव्हीवर आली ती मी कार्बन घालून कागदावर उतरवली. अप्पांनी डाव्या हातात धरली. वाचायला पाव तास घेतला. अमरगोळ, मग धारवाड, मग अळणावर, बोट खाली खाली सरकत होतं. अळणावरच्या दुसऱ्या सायडिंगवर थांबलं. तिथे तू ‘म्हशीची लाइन’ लिहिलंयस. खिडकीतून महादेव गवळ्याच्या म्हशीने डोकं घातलं आणि चार वाघिणी चाटून पाडल्या, ती जागा. हे नाव कुठल्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये असणार? मी तर अप्पांना सांगितलं होतं की एका कंपनीकडून विकत आणलाय. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

परत आले तेव्हा स्वतः खुर्चीत सरकून बसायची धडपड चालली होती. ‘नको’ म्हणाले नाहीत. गोविंदमामांनी शिट्टी वाजवली आणि दोन तास गाड्या चालल्या. लोंढ्याला तुंबल्या नाहीत. परवा तेराच्या यादीलाही तसंच. दाढी करून द्या अशी खूण त्यांनी आपणहून केली.

तिसराच निवडला, हे सांगायला हे पत्र.

आई

केशवापूर
३० मे १९८५

चि. प्रभंजन,

पुन्हा बिघडलंय. प्रोग्रॅम नाही, अप्पा.

गेले चार आठवडे सारखा एकच शब्द. ‘सिक.’ सकाळी उठले की ‘सिक’. भरवायला गेले की चमचा बाजूला सारून ‘सिक’. नवीन शब्द आला म्हणून पहिल्या दिवशी मला आनंद झाला, वेडीच मी. डॉक्टर म्हणाले, त्यांना बरं वाटत नाही तेच सांगतायत, चांगली गोष्ट आहे. गोळ्या वाढवल्या. गोळ्यांनी झोप वाढली. जागे झाले की परत ‘सिक’, आता जोरात. काल डाव्या हाताने माझं मनगट असं धरलं की वळ उठला. कुठे दुखतं विचारलं तर मान हलवतात. छाती? मान हलवतात. पाय? मान हलवतात. मग रडतात. नऊ वर्षांपूर्वी तू गेलास त्या संध्याकाळीही हा माणूस रडला नव्हता.

गोविंदमामा महिनाभर आले नाहीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून गदगला लेकीकडे आहेत. मी एकटी यादी काढते, पुढे धरते. अप्पा वरून खालपर्यंत बोट फिरवतात आणि कागद जमिनीवर टाकतात. गाडी चालवायची राहिली बाजूलाच. वजन उतरलंय. डॉक्टर परवा दाराबाहेर हळूच म्हणाले, मुलगा परदेशात असतो ना, कळवून ठेवा.

कळवलं.

आता कळवतेच आहे तर ते दुसरंही लिहिते, जे काढणार नाही म्हटलं होतं. बारा जून शहात्तर. रेल्वेच्या नोकरीचं तुझं बोलावणं आलं होतं आणि तू ते फाडलंस. मुंबईला काँप्युटर शिकायला जातो म्हणालास. अप्पा तुला जे बोलले ते तू विसरला नसशील. ‘माझ्या लेखी तू कंडम.’ रेल्वेवाल्याच्या तोंडी हा शब्द काय असतो ते तुला कळलं, मला कळलं. सिक वाघीण दुरुस्त होते. कंडम झालेली भंगारात जाते, तिचा नंबरसुद्धा पुसतात. तेव्हा तू चारशेसात उचललीस, बाराव्या वर्षी बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून स्वतःच्या हाताने केलेली, आणि फरशीवर आपटलीस. ‘ही घ्या तुमची खेळणी.’ दोन्ही ऐकून मी मध्ये उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. हे माझं. हे मी कुणावर ढकलत नाही.

अंबूच्या लग्नाला तू आला नाहीस तेव्हा लोकांना सांगितलं, रजा मिळाली नाही. आता काय सांगू ते अजून ठरवलेलं नाही.

आई

केशवापूर
१७ जून १९८५

चि. प्रभंजन,

आधी हे वाच. अप्पा बरे आहेत. तार केली नाही ती म्हणूनच. आता सावकाश वाच.

आठ तारखेला गोविंदमामा नवीन चष्मा लावून आले. अप्पांनी त्यांना बघितल्याबरोबर ‘सिक’ म्हटलं. मी सांगायला लागले की महिना झाला हेच चाललंय, गोळ्या चालू आहेत. मामांनी मला हाताने थांबवलं. खाली पडलेली यादी उचलली, वाचली, परत वाचली. मग म्हणाले, ‘अल्ल री वैनी, नाही हो. मास्तर स्वतःला सिक म्हणायले नाहीत. चारशेसातला म्हणायलेत. यादीत ती कुठं आहे दाखवा की मला.’

नव्हती. एकसष्टच वाघिणी होत्या. चार मेपासून प्रत्येक यादीत एकसष्ट. मी गणिताची मास्तरीण, मला एक कमी दिसली नाही. रेल्वेवाल्याच्या घरात चौतीस वर्षं काढून सिक म्हणजे माणूस आजारी असं मी धरून बसले, डॉक्टरांनाही तेच सांगितलं, आणि त्या बिचाऱ्याला महिनाभर झोपेच्या गोळ्या चारल्या. अप्पांच्या तोंडून माणसाला ‘सिक’ फक्त तुझ्या चिठ्ठीत आलं होतं. एवढं तरी आठवायला हवं होतं.

तुझा प्रोग्रॅम मी पडद्यावर ओळीने काढून वाचला. सोपा आहे, पाढ्यांसारखा. ओळ सातशेचाळीस. जी वाघीण चार शनिवार सिक राहील ती कंडम समजावी आणि यादीतून काढावी. सहा एप्रिल, तेरा, वीस, सत्तावीस. चार झाले आणि चार मेला गेली. ही ओळ तू हिशेबासाठी घातलीस की मुद्दाम घातलीस ते मी विचारणार नाही. घातलीस तेव्हा तुझ्याजवळ कुणी नव्हतं एवढं मला कळतं.

मग मी पत्र्याचा डबा उघडला. एप्रिलमध्ये चारशेसातची बारी आली तेव्हा मी फक्त वरचा ‘सिक’ वाचून पुढे गेले होते. ते एक कार्ड नव्हतंच. अकरा कार्डं होती, एकावर एक, दोऱ्याने शिवलेली. पहिल्यावर अप्पांच्या अक्षरात, ‘१२ जून ७६. वा. नं. ४०७. अॅक्सलगार्ड तुटले. सिक.’ त्याखाली पुढचा शनिवार, ‘१९ जून. पाहिली. सिक. टी.एक्स.आर. गैरहजर.’ त्याखाली पुढचा. सगळ्या शनिवारी तेच दोन शब्द, टी.एक्स.आर. गैरहजर, टी.एक्स.आर. गैरहजर, थेट दहा नोव्हेंबर चौऱ्याऐंशीपर्यंत. चारशेचाळीस शनिवार होतात, मी मोजले. नऊ गाळलेले आहेत. त्यातला एक अंबूच्या लग्नाचा.

मामांनी समजावलं नसतं तरी मला आठवलं असतं. आपल्या रेल्वेत यार्ड मास्तर अप्पा, गार्ड गोविंदमामा, आणि टी.एक्स.आर., म्हणजे गाडी तपासणारा, तू. उंबरठ्यावर उभा राहून गाडी तपासायचास, छत्रीच्या काडीची हातोडी करून प्रत्येक चाकावर टिक टिक वाजवायचास, आणि सांगायचास, फिट. तू फिट म्हटल्याशिवाय अप्पा गाडी सोडायचे नाहीत. मला आमटी गार होतेय म्हणून राग यायचा. मला नेहमी वाटायचं, या माणसाने अख्ख्या पेठेची घड्याळं दुरुस्त केली, एक तुटलेली वाघीण का जोडत नाही? अर्ध्या तासाचं काम. वाटायचं, राग आहे. राग नव्हता. यार्ड मास्तरला वाघीण फिट करायचा हक्कच नाही. सिक वाघीण टी.एक्स.आर. फिट करतो, कंडमही त्यानेच करायची. अप्पांच्या तोंडून जो शब्द गेला तो त्यांनी बोलून कधी मागे घेतला नाही, तेवढं त्यांना येत नाही. पण चारशेएकतीस वेळा लिहून ठेवलं, की ही कंडम नाही.

मी ओळ सातशेचाळीस खोडली. नंबर टाकून बटण दाबलं की पुसते. चारशेसात पुन्हा आत घातली. परवाच्या शनिवारी यादी काढली, बासष्ट. हुबळी यार्ड, सिक लाइन, ४०७. अप्पांचं बोट तिथे गेलं आणि थांबलं. ‘सिक,’ म्हणाले, हळूच, आणि माझ्याकडे बघून ‘हं’ म्हणाले. मग खुणेने कार्ड मागितलं, पेन्सिल मागितली. डाव्या हाताने लिहायला त्यांना दहा मिनिटं लागली. गोविंदमामा तोवर शिट्टी हातात धरून उभे होते. अक्षरं तुझ्या पहिलीतल्यासारखी आहेत, पण वाचता येतात. ‘१५ जून. पाहिली. सिक. टी.एक्स.आर. गैरहजर.’

त्यानंतर जेवले. दोन वेळा. गोळ्या मी बंद केल्यात, डॉक्टर रागावले, रागावू देत.

प्रभंजन, तू मला प्रोग्रॅम निवडून दिलास, यंत्र दिलंस, बासष्ट वाघिणींचं काम माझ्या डोक्यावरून उतरवलंस. त्यात काही खोट नाही. पण हे एक काम त्याच्याकडून होणार नाही, मी सगळ्या ओळी वाचल्यात. माझ्याकडूनही नाही. मी थकलेय, आणि तिकडे लग्न केलं असशील तर सुनेबद्दल, तिच्या धर्माबद्दल, तुझ्या नोकरीबद्दल मला काहीही विचारायचं नाही. अप्पांचा तो दुसरा शब्द ‘नको’, तो मी इथून पुढे ऐकणार नाही.

हातोडी दाराच्या मागे खिळ्यावर आहे. तिला गंज चढलाय, पण काडी सरळ आहे. कुठल्या शनिवारी येतोस ते कळव. शुक्रवारीच पोचलास तर बरं, यादी सकाळी आठला निघते.

आई